फावडे हाती घेतलेला ख्रिस्तसेवक : पिएर सेरेझोल

उन्हाळ्याची सुटी आली की अनेक मंडळ्यांचे तरुण संघ शिबिरांची तयारी करू लागतात. काही भाग्यवंतांना परदेशातील ख्रिस्ती शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाण्याचीही संधी मिळते. निरनिराळ्या देशांतील तरुणांनी एकत्र राहावे, एका चुलीवरचे अन्न खावे आणि कोणा परक्याच्या गावासाठी मोबदल्याविना घाम गाळावा, ही कल्पना आज आपल्याला नवी वाटत नाही. परंतु ती कोणत्या काळात व किती विरोध सोसून मूळ धरू शकली, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. त्यासाठी पिएर सेरेझोल या स्विस गृहस्थाचे चरित्र पाहिले पाहिजे.

सेरेझोल यांचा जन्म १८७९ साली लोझान येथील एका प्रतिष्ठित प्रोटेस्टंट घराण्यात झाला. वडील पॉल सेरेझोल हे १८७३ साली स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते, तर भाऊ एर्नेस्ट पुढे सैन्यात कर्नल झाला. पिएर यांनी झुरिकला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. मान आणि पैसा दोन्ही दाराशी होते. तरीही ते अमेरिका, हवाई बेटे आणि जपान अशी दीर्घ भ्रमंती करीत राहिले, हातांनी कष्टाची कामेही त्यांनी केली. १९१४ साली ते मायदेशी परतले तेव्हा युरोप महायुद्धात होरपळू लागला होता.

वडिलार्जित संपत्ती आपण कमावलेली नाही, म्हणून ती आपली नव्हे, अशा विचाराने त्यांनी ती स्विस सरकारला देऊन टाकली. त्याच सरकारचा लष्करी कर भरण्यास मात्र त्यांनी ठाम नकार दिला. जो प्रत्यक्ष सैन्यात सेवा करीत नाही त्याने हा कर भरावा, असा तेथील कायदा होता. शत्रूवर प्रीती करा, ही प्रभूची आज्ञा एका बाजूला आणि माणसे मारण्याच्या तयारीसाठी द्यावयाचे पैसे दुसऱ्या बाजूला. यांचा मेळ त्यांना घालता येईना. त्यापायी त्यांना तुरुंगवास घडला. १९१७ साली तर एका मंदिरात उपासनेच्या वेळी उठून उभे राहून त्यांनी ख्रिस्तसभेच्या मौनाविषयी उघडपणे आपले मन मांडले. माजी राष्ट्राध्यक्षांच्या मुलाने असे करावे, याचे त्या सुशिक्षित समाजाला केवढे नवल वाटले असेल!

परंतु नुसत्या नकाराने त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. सैनिक आपल्या देशासाठी चिखलात उभा राहतो, उपाशी राहतो, प्राणही देतो. शांतीचा पुरस्कर्ता घरी बसून कोणती झीज सोसतो? हा प्रश्न त्यांना सतावीत असे, आणि माझ्या मते त्यांच्या थोरवीचे बीज याच प्रश्नात आहे. युद्धानंतर हॉलंडमधील बिल्थोवेन येथे शांतिवादी ख्रिस्ती जनांच्या परिषदा भरल्या. तेथे सेरेझोल यांनी चिटणिसाचे काम पाहिले. कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या राष्ट्रांतील माणसांनी मिळून उद्ध्वस्त भूमीची डागडुजी करावी, ही कल्पना १९२० च्या परिषदेत पुढे आली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रान्समधील व्हर्दनजवळच्या एन या खेड्यात ते मोजक्या सोबत्यांसह दाखल झाले. गाव तोफांच्या माऱ्याने जमीनदोस्त झाले होते. ऐन हिवाळ्यात ही मंडळी लाकडी घरे उभारू लागली, गोळ्यांनी पडलेले खड्डे बुजवू लागली. त्यांच्यात जर्मनही होते, आणि नेमके हेच सलू लागले. ज्यांनी घरे पाडली त्यांच्याच हातून ती बांधून घेणे हे कित्येकांना रुचले नाही. ज्यांचे पुत्र त्याच मातीत गाडले गेले होते, त्या मायबापांना दोष तरी कसा द्यावा? सरकारी पाठबळ आटले, काम मिळेनासे झाले. जर्मन बांधवांना परत पाठवले असते तर कदाचित मार्ग निघाला असता, पण मग त्या कामाचा अर्थच उरला नसता. १९२१ च्या एप्रिलमध्ये पथकाने गाव सोडले. व्यवहारी दृष्टीने पाहता पहिले शिबिर फसले असेच म्हणावे लागेल.

पुढची शिबिरे त्यांनी स्वदेशात घेतली. १९२४ साली हिमलोटाने झोडपलेल्या आल्प्समधील एका खेड्यात काम सुरू झाले, तेव्हा कर्नल एर्नेस्ट या सख्ख्या भावाने शिबिराच्या व्यवस्थेत हात दिला. एक भाऊ सैन्याधिकारी, दुसरा सैन्यविरोधी, आणि दोघे मिळून एकाच ढिगाऱ्यापाशी! शस्त्र धरण्यास ज्यांचे मन धजत नाही त्यांना सैन्याऐवजी अशी सेवा करू द्यावी, ही मागणी त्या वर्षीही स्विस संसदेने मान्य केली नाही. तसा कायदा अमलात येण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

१९२७ साली ऱ्हाइन नदीने बांध फोडून लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशाची शेती दगडगाळाखाली गाडली. पुढल्या वर्षी तेथे अनेक देशांतून सुमारे ७०० स्वयंसेवक आले. पुरुष फावडी व ढकलगाड्या चालवीत. स्वयंपाक व धुणे स्त्रिया सांभाळीत. या भगिनींविषयी फार कमी लिहिले गेले आहे, वास्तविक शेकडो भुकेल्या माणसांना वेळेवर जेवू घालणे हे दगड उपसण्याहून हलके काम नव्हे.

आपल्या देशाशी त्यांचे नाते जडले ते १९३४ च्या १५ जानेवारीला झालेल्या बिहारच्या भूकंपाने. त्याआधी १९३१ च्या अखेरीस गांधीजी स्वित्झर्लंडला आले असता दोघांची भेट झाली होती. पंचावन्नाव्या वर्षी सेरेझोल बिहारात आले. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील मदत समिती आणि इंग्रज सरकार या दोहोंशी त्यांना जुळवून घ्यावे लागे. भूकंपानंतर पुराचा धोका वाढलेली खेडी उंच जागी नव्याने वसवणे हे मुख्य काम होते. मुजफ्फरपूर भागात त्यातून शांतिपूर हे गाव उभे राहिले. काही इंग्रज व स्विस सोबतीही आले, पण संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच. मजुरांची वाण नसलेल्या देशात दूरच्या चार गोऱ्या माणसांनी माती खणून काय साधणार, अशी शंका रास्तच होती. तथापि साहेब म्हणजे हुकूम सोडणारा, एवढेच ज्यांनी पाहिले होते त्या खेडुतांमध्ये हा साहेब स्वतः माती खणीत असे. १९३७ पर्यंत त्यांच्या भारतात तीन फेऱ्या झाल्या. याच काळात, १९३६ साली, ते क्वेकर पंथाचे सभासद झाले.

दुसरे महायुद्ध पेटल्यावर त्यांचे वय साठीला पोहोचले होते. १९४१ साली त्यांनी विवाह केला. संसाराची ऊब उशिरा लाभूनही ते स्वस्थ बसले नाहीत. जर्मन जनतेशी प्रत्यक्ष बोलावे, या ध्यासाने त्यांनी परवाना नसताना सरहद्द ओलांडली. १९४४ साली जर्मनांनी त्यांना पकडून परत पाठवले आणि मायदेशाने तुरुंगात टाकले. हे साहस विवेकाचे होते काय, याविषयी त्यांच्या चाहत्यांतही दुमत होऊ शकेल. मुळातच नाजूक असलेली प्रकृती यानंतर ढासळत गेली. युद्ध संपल्यावर काही महिन्यांतच, २३ ऑक्टोबर १९४५ रोजी, लोझानजवळच्या आपल्या घरी ते प्रभूमध्ये निजले.