पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : संकटातही अढळ राहिलेली शिवनिष्ठा

अहिल्यादेवींचा जन्म इ.स. १७२५ मध्ये चौंडी (जि. अहिल्यानगर) येथे माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी झाला. सुभेदार मल्हारराव होळकरांच्या त्या स्नुषा. इ.स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेस मल्हाररावांनी परावृत्त करून राज्यकारभारात गुंतविले. पुढे इ.स. १७६६ मध्ये मल्हारराव कैलासवासी झाले आणि पुढच्याच वर्षी एकुलते पुत्र मालेरावही निवर्तले.

या शोकसमयीच होळकरांच्या दौलतीवर हक्क सांगत राघोबादादा फौजेसह चालून आले. अहिल्यादेवींनी भार शंकरावर टाकला. मात्र त्या स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी लढाईची सिद्धता केली व पेशवे माधवरावांकडे न्याय मागितला. माधवरावांनी त्यांच्या बाजूने कौल दिला आणि संकट टळले. सैन्याची धुरा तुकोजी होळकरांकडे सोपवून त्यांनी नर्मदातीरी महेश्वर येथून कारभार चालविला.

राज्य श्रीशंकराचे, आपण केवळ त्याच्या सेवक, ही त्यांची धारणा होती. म्हणूनच हुकूमनाम्यांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव असे. नर्मदेच्या मातीची पार्थिव शिवलिंगे घडवून पूजण्याचा नित्यक्रम महेश्वरी सुरू झाला. ईश्वराने जे ठेवले त्याबद्दलची कृतज्ञता त्यांनी दानातून व्यक्त केली. दानधर्माचा खर्च राज्याच्या तिजोरीतून नव्हे, तर आपल्या खासगी उत्पन्नातून करण्याचा त्यांचा दंडक होता. त्यातून काशीचे विश्वेश्वर मंदिर (१७८०), सोमनाथ येथील मंदिर (१७८३) व गयेचे विष्णुपद मंदिर (१७८७) उभे राहिले. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार झाला. अनेक क्षेत्री घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे यांची सोय झाली.

दैवाची कसोटी मात्र संपली नव्हती. इ.स. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे निवर्तले. मातेची विनवणी न मानता कन्या मुक्ताबाई सती गेल्या. हा आघात सर्वांत दारुण होता. तरीही अखेरपर्यंत अहिल्यादेवींनी कर्तव्य व शिवभक्ती सोडली नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्या शिवचरणी लीन झाल्या.

ज्यांच्या घरी दिवा लावण्यास वारस उरला नाही, त्यांनी देशभरातील देवालयांत दिवे तेवत ठेवले. त्यांनी बांधलेल्या घाटांवर आजही भाविक स्नान करतात. सुखात दिलेले दान मोठेच; परंतु दुःखातही न आटलेले दान हीच ईश्वरचरणी वाहिलेली खरी कृतज्ञता होय.