राजा दीनदयाळ (1844–1905)

मेरठजवळील सरधना येथे जन्मलेले दीनदयाळ रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले व इंदूरला बांधकाम खात्यात आराखडे काढण्याच्या कामी लागले. छायाचित्रण हा प्रथम फावल्या वेळचा छंद होता. 1882 साली लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्यासमवेत, काचेच्या पट्ट्यांचे ओझे वागवीत, ते बुंदेलखंडात हिंडले. तेथील किल्ले व मंदिरे त्यांनी टिपली. अखेर या छंदापायी पक्की सरकारी नोकरी सुटली. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. मुंबईतही त्यांचा स्टुडिओ निघाला. दरबारी चित्रांनी त्यांचे नाव झाले खरे, परंतु विद्यार्थ्यांनी वास्तूंची छायाचित्रे आधी पाहावीत. त्यांत भिंतीची उभी रेघ सहसा कलत नाही. आराखडे काढणारी नजर तेथे ओळखू येते.