स्वतःचे डोळे तपासावयास देणारा शास्त्रज्ञ

‘मी कोण होणार’ हा निबंधाचा विषय आम्ही वर्गाला दरवर्षी देतो, आणि दरवर्षी चार-दोन वह्यांतून विमान आकाशात झेप घेते. परंतु वैमानिकाचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्याला प्रथम वैद्यकीय तपासणीस उभे राहावे लागते आणि तेथे रंगीत ठिपक्यांचे एक लहानसे पुस्तक त्याच्यापुढे ठेवले जाते, हे त्या निबंधकारांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ठिपक्यांच्या गर्दीत दडलेला आकडा ओळखावयाचा, एवढीच ती परीक्षा. ज्याच्या डोळ्यांना तांबडा व हिरवा हे रंग नीट निराळे दिसत नाहीत, त्याला तो आकडा सापडत नाही किंवा भलताच दिसतो. या दृष्टिदोषाला आपण रंगांधता म्हणतो. पोर्तुगीज शिकलेल्या आमच्या गोमंतकीय वडीलधाऱ्यांना त्याचे ‘दाल्तोनिझ्मु’ हे नाव परिचित असेल. ज्या थोर पुरुषावरून हे नाव पडले, त्या जॉन डाल्टन यांचे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्लंडच्या वायव्येस कंबरलंड परगण्यात ईगल्सफील्ड नावाचे खेडे आहे. तेथे १७६६ साली एका गरीब विणकराच्या घरी डाल्टन यांचा जन्म झाला. हे कुटुंब क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी व सत्यनिष्ठा ही या पंथाची शिकवण. परंतु राजमान्य धर्मपीठाबाहेरच्या लोकांना त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्या मिळत नसत. घरी पैसा नाही, विद्यापीठाचे दार बंद. अशा स्थितीत या मुलाने वयाच्या बाराव्या वर्षीच गावातील शाळेत मुलांना शिकविण्यास आरंभ केला. पुढे १७८१ साली तो केंडल या गावी शिक्षक म्हणून गेला.

केंडल येथे त्यांना जॉन गॉफ हे गुरू लाभले. बालपणीच देवीच्या आजाराने गॉफ यांची दृष्टी गेली होती. तरीही गणितात ते निष्णात होते आणि स्पर्शाने व वासाने वनस्पती ओळखीत. त्यांच्याच प्रेरणेने डाल्टन यांनी १७८७ साली हवामानाची रोजनिशी लिहावयास घेतली आणि ती मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे ५७ वर्षे, चालविली. तिच्यात सुमारे दोन लाख नोंदी होत्या. ज्याला काहीच दिसत नव्हते अशा गुरूने शिष्याला निरीक्षणाचा धडा दिला, ही गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे.

आपण जग इतरांहून निराळे पाहतो, हे डाल्टन यांना वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत उमगले नव्हते. लोक रंगांच्या नावांचाच घोटाळा करतात, अशी त्यांची समजूत होती. १७९२ साली त्यांनी जिरेनियमचे एक गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिले. दिवसा त्यांना जवळजवळ निळे भासणारे ते फूल आता तांबूस दिसू लागले! त्यांनी मित्रांना विचारले. कोणालाही असा पालट दिसेना. दिसला तो फक्त त्यांच्या सख्ख्या भावाला. दोष फुलात नाही, आपल्या दृष्टीत आहे आणि तो आपल्या घराण्यात आहे, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानी आले.

दुसऱ्या एखाद्याने ही गोष्ट झाकून ठेवली असती. डाल्टन यांनी तिचाच अभ्यास आरंभिला. १७९३ साली ते मँचेस्टर येथे गणित व निसर्गविज्ञान यांचे अध्यापक झाले. तेथील साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढे १७९४ साली त्यांनी पहिला निबंध वाचला, तो आपल्याच डोळ्यांविषयी. लाखेची तांबडी कांडी व लॉरेलचे हिरवे पान आपल्याला सारखेच दिसतात, इंद्रधनुष्यातील नारिंगी, पिवळा व हिरवा हे आपल्या लेखी एकच, हे त्यांनी भर सभेत मांडले. रंगांधतेचे इतके पद्धतशीर वर्णन यापूर्वी झाले नव्हते. या दोषाचे कारण म्हणून त्यांनी असा तर्क केला की, आपल्या नेत्रगोलातील द्रव निळसर असावा व तो तांबडे किरण गिळून टाकीत असावा.

यापुढील कीर्ती विद्यार्थ्यांना परिचित आहे. १८०३ ते १८०८ या काळात त्यांनी अणुसिद्धान्त मांडला व अणूंच्या सापेक्ष भारांचे कोष्टक तयार केले. ज्या ऑक्सफर्डचे दार त्यांना तरुणपणी बंद होते, त्याच विद्यापीठाने १८३२ साली त्यांना सन्मानाची पदवी दिली. १८३४ साली ते राजा चौथा विल्यम याच्या भेटीस गेले तेव्हा अंगावर त्या पदवीचा लालभडक झगा होता. क्वेकरांना असा भडक रंग वर्ज्य. पण डाल्टन यांना तो भडक दिसतच नव्हता!

२७ जुलै १८४४ रोजी त्यांचे देहावसान झाले. आपल्या मृत्यूनंतर आपले डोळे तपासावे व आपला तर्क खरा की खोटा ते पाहावे, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. त्यांचे वैद्य जोसेफ रॅन्सम यांनी त्याप्रमाणे एका डोळ्यातील द्रव काचेच्या वाटीत काढून पाहिला. तो पाण्यासारखा स्वच्छ होता. डाल्टन यांचा तर्क चुकला होता! पण डोळे जपून ठेवले गेले. सुमारे दीडशे वर्षांनी, १९९५ साली, शास्त्रज्ञांनी त्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासले. दृष्टिपटलावरील तीन प्रकारच्या शंकुपेशींपैकी मधल्या लहरींना, म्हणजे मुख्यतः हिरव्या भागाला, संवेदनशील असलेल्या पेशींच्या रंगद्रव्याचे जनुक डाल्टन यांच्यापाशी नव्हते. हे जनुक मातेकडून येणाऱ्या ‘एक्स’ गुणसूत्रावर असते. मुलाला असे गुणसूत्र एकच लाभते. म्हणून हा दोष मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण शेकडा सुमारे आठ आहे.

डाल्टन यांच्या काळी जो केवळ कुतूहलाचा विषय होता, तो आगगाडीच्या युगात जीवनमरणाचा प्रश्न झाला. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन ९ माणसे दगावली. कोणा कर्मचाऱ्याला दिव्याचा रंग ओळखता आला नसावा, असा संशय प्राध्यापक होल्मग्रेन यांना आला व त्यांनी रंगीत लोकरीच्या लडी निवडावयास लावून रेल्वेसेवकांची परीक्षा सुरू केली. पुढे जपानचे डॉ. इशिहारा यांनी १९१७ साली ठिपक्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. आज वैमानिकापुढे ठेवतात ते सामान्यतः हेच.

विमानात रंगाचे एवढे महत्त्व का? विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा व उजव्याला हिरवा दिवा असतो. रात्री दुसरे विमान कोणीकडे चालले आहे हे त्यांवरून कळते. रेडिओ बंद पडला तर नियंत्रण मनोऱ्यावरून प्रकाशाची खूण करतात. स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास परवानगी. लुकलुकता तांबडा म्हणजे विमानतळ धोक्याचा, उतरू नये. तेव्हा ही परीक्षा कोणाला हिणविण्यासाठी नसून प्रवाशांच्या प्राणांसाठी आहे. शिवाय तक्त्यांत चुकला तो कायमचा बाद, असेही नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानोड्डाणातील रंगीत दिवे ज्याला बिनचूक ओळखता येतात, त्याला पुढील चाचणीनंतर पात्र ठरविता येते.

येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने नकाशात अरण्ये तपकिरी रंगविली होती. आम्ही त्याला निष्काळजी ठरवून बाकावर उभे केले. बारावीनंतर तो वैमानिक व्हावयास निघाला, वडिलांनी शुल्काची तजवीज केली, आणि ठिपक्यांच्या पुस्तकापुढे त्याला प्रथमच कळले की आपल्याला रंग निराळे दिसतात. त्याची वही आमच्या हाती असताना आम्हांला जे दिसावयास हवे होते, ते दिसले नाही. दोष त्याच्या डोळ्यांत होता खरा. पण आंधळेपणा आमचा होता.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, मूल रंगांत चुकले तर रागावण्यापूर्वी त्याचे डोळे नेत्रवैद्याकडून तपासून घ्यावेत; आणि ज्याच्या मनात विमान आहे त्याने तर शुल्क भरण्यापूर्वी, शाळेत असतानाच. विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी कोणाला तो आकडा दिसला नाही, तर ती गोष्ट लपवू नका. डाल्टन यांनी ती भर सभेत सांगितली आणि मरणानंतरही आपली चूक तपासावयास आपले डोळे देऊन ठेवले.