इंजिन तापलं हे सांगणारा मणी आणि बुकबाइंडर फॅरेडे

पनवेलहून एक्स्प्रेसवेला लागलं की खोपोलीपर्यंत गाडी मजेत पळते. मग घाट सुरू होतो. मे महिना, एसी चालू, गाडीत पाच जण आणि पुढे ट्रकांची रांग. इंजिन तापायला आणखी काय हवं? आमच्या जुन्या गाडीत तापमानाचा काटा नाही, नुसता लाल दिवा आहे. तो लागेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो, आणि एकदा हेड गॅस्केट गेलं की खिसा रिकामा. म्हणून मी घरीच डिजिटल मीटर बनवला. त्यातला मुख्य भाग म्हणजे एनटीसी थर्मिस्टर, मिरीच्या दाण्याएवढा मणी. उन्हात तापलेला फोन चार्जिंग थांबवतो ना, तेव्हा फोनच्या बॅटरीला ताप आलाय हे सांगणारा भाग सहसा हाच असतो.

या मण्यामागचा गुण मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये टिपला. मोटर आणि जनित्रासाठी त्याचं नाव आपण शाळेत पाठ करतो, पण हा किस्सा तिथे क्वचितच येतो.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहार, घरात गरिबी, शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे शिकाऊ म्हणून लागला आणि तिथे सात वर्षं राहिला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचूनही काढायचा. ज्ञानकोशातला विजेवरचा लेख असाच त्याच्या हाती लागला. १८१२ मध्ये त्याने घरच्या घरी बॅटरी केली: अर्ध्या पेनीची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद. आपण ऑनलाइन पार्ट मागवतो, त्याच्याकडे सुटे पैसे होते!

त्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेने सविस्तर टिपणं काढली, ती स्वतः छान बाइंड केली आणि थेट डेव्हीला पाठवली. पुढच्या मार्चमध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. लगेच डेव्हीसोबत युरोपचा दौरा झाला. तिथे मोठमोठे शास्त्रज्ञ भेटले, पण डेव्हीच्या बायकोने त्याला नोकरासारखं वागवलं. तो वैतागला, तरी शिकत राहिला.

१८३१ मध्ये त्याने लोखंडी कड्यावर तारांची वेटोळी घालून विद्युत चुंबकीय प्रवर्तन शोधलं. वेटोळ्यांमध्ये वीज फुटू नये म्हणून त्याने सुतळी आणि सुती कापड वापरलं.

१८३३ मध्ये तो वेगळंच तपासत होता. बर्फातून वीज जात नाही, वितळल्यावर जाते. असं आणखी कशाकशात होतं? त्यात सिल्व्हर सल्फाइडची पाळी आली. दिव्यावर तापवताच ते घन असतानाच वीज जास्त वाहू देऊ लागलं, आणि दिवा काढल्यावर पुन्हा कमी. धातू याच्या बरोबर उलट वागतात, तापले की विजेला जास्त अडवतात. असं का होतं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, कारण अर्धवाहकांचा सिद्धांत यायला आणखी जवळपास शंभर वर्षं लागणार होती. उत्तर नाही म्हणून निरीक्षण बाजूला टाकणारे खूप असतात, त्याने ते छापलं. गणितात तो कच्चा होता, पण माझ्या मते त्याची खरी डिग्री हीच.

माझा मीटर याच उलट वागण्यावर चालतो. मण्याचा रोध २५ अंशांना १० हजार ओहम असतो, ९० अंशांना हजाराच्याही खाली येतो. त्याच्यासोबत १ हजार ओहमचा रेझिस्टर एकामागे एक जोडायचा आणि मधल्या सांध्यावरचं व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरने मोजायचं. बरेच जण इथे १० हजारांचाच रेझिस्टर लावतात. खोलीच्या तापमानाला तो ठीक आहे; पण इंजिनासाठी ९० च्या आसपासचा फरक नीट दिसायला हवा, आणि तिथे १ हजारवालाच कामाचा. तपासायला वितळता बर्फ आणि उकळतं पाणी पुरतं. पनवेल समुद्रसपाटीजवळ असल्याने इथे पाणी १०० अंशांनाच उकळतं. मणी थर्मोस्टॅटच्या धातूच्या घराला बाहेरून घट्ट बांधायचा. आकडा कूलंटपेक्षा थोडा कमी येतो, तेवढं धरून चालायचं. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं.

बाजारात विकता येईल असा थर्मिस्टर अमेरिकेच्या सॅम्युअल रुबेनने १९३० मध्ये केला. तोवर फॅरेडेला जाऊन साठ वर्षं उलटली होती. त्याने सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. उतारवयात त्याची स्मरणशक्ती खूप मंदावली. २५ ऑगस्ट १८६७ ला तो गेला. लंडनच्या हायगेट स्मशानभूमीत त्याची कबर आहे. दगडावर नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा आहेत, बस्स.