अंगणातला मनोरा

घशाला झालेला स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग बरा होतो आणि घरचे तो विसरूनही जातात. काही मुलांत मात्र त्या जंतूंविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये नंतर स्वतःच्याच शरीरावर उलटतात. सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा बिघडतात. क्वचित मेंदूतल्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागाला इजा होते, मग हात, खांदे, चेहरा आपोआप हलू लागतात. अक्षर बिघडते, हातातला पेला पडतो आणि मूल मुद्दाम करते म्हणून बोलणी खाते. या आजाराला सिडनहॅम कोरिया म्हणतात. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत अशी मुले आजही येतात.

न्यूयॉर्कमध्ये १८९० साली जन्मलेल्या एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँगला तो आठव्या वर्षी झाला. पेनिसिलिनचा पत्ता नव्हता. शाळा सुटली, दोन वर्षे शिकवणी घरीच झाली. मुलाची प्रकृती सुधारावी म्हणून कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्सला राहायला गेले. आजार ओसरला, ताण आला की अंगाला बसणारा झटका मात्र जन्मभर राहिला.

या एकट्या पडलेल्या मुलाला मार्कोनीच्या बिनतारी संदेशांनी वेड लावले. पण बिनतारीला एरियल लागते आणि त्या काळच्या लहरी शेकडो, हजारो मीटर लांबीच्या. जमिनीच्या साथीने उभी तार नीट काम करायची तर तिची उंची लहरीच्या पावपट हवी. लहर २०० मीटरची असेल तर तार ५० मीटर उंच, म्हणजे जवळपास सोळा मजले! घरामागच्या अंगणात ती उभारायची कशी? आखूड तारेला तारेची गुंडाळी जोडून ती जुळवता येते. पण प्रक्षेपणाची बरीच शक्ती मग गुंडाळी आणि माती तापवण्यातच जाते. म्हणून लांब लहरींवर बोलणारे हौशी लोक तार जमेल तितकी उभी नेतात, उरलेली आडवी वळवतात आणि जमिनीत तारांचे जाळे पुरतात. लहान जागेचे हे दुखणे आजही तसेच आहे.

आर्मस्ट्राँगने वळसा घेतला नाही. १९१० मध्ये त्याने अंगणात १२५ फुटांचा मनोरा उभारला. आज हौशी लोक वापरतात त्या १६० मीटरच्या पट्ट्यासाठी पावपट उंची ४० मीटर येते. याने ३८ गाठली होती. खलाशी डोलकाठीवर चढताना वापरतात तशी दोरीला टांगलेली फळी करून तो स्वतःला वर ओढून घेई. शेजारी धास्तावत. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्याच्या हातापायांवर त्याचाच ताबा नव्हता, तोच मुलगा आता हवेत लोंबकळत तारा बांधत होता.

मनोऱ्याच्या उंचीला मर्यादा होती, यंत्राला नव्हती. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ मध्ये, त्याने निर्वात नळीतून बाहेर पडणारा संदेश थोडासा पुन्हा तिच्याच तोंडाशी आणून सोडला. तो फिरून फिरून कित्येक पटींनी वाढला. हेडफोनमध्ये जेमतेम कुजबुजणारी केंद्रे खोलीभर ऐकू येऊ लागली. १९१४ च्या जानेवारीत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर त्याच्या यंत्राने होनोलुलूचे संदेशही पकडले.

पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लष्करी सेवेत असताना आर्मस्ट्राँग यांनी सुपरहेटरोडाइन ग्राहक घडवला. आजही बहुतेक रेडिओ त्याच तत्त्वावर चालतात. विजा-वादळांची खरखर त्यांना फार वर्षे छळत होती. ती टाळण्यासाठी त्यांनी एफएम आणले आणि १९३३ मध्ये त्याची पेटंटे मिळवली. रिक्षात वाजणारे एफएम ते हेच. १९३८ मध्ये याँकर्ससमोर, नदीपलीकडच्या अल्पाइनमध्ये, त्यांनी चारशे फुटांहून उंच मनोरा उभारला.

पण १९१२ च्या शोधावरून ली डी फॉरेस्ट यांच्याशी चाललेला खटला ते १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. शोध कोणाचा हे अभियंत्यांना ठाऊक होते. आर्मस्ट्राँग आपले पदक परत करायला निघाले, तेव्हा त्यांच्या संस्थेने ते घ्यायला नकार दिला. १९४५ मध्ये एफएमचा पट्टा बदलला आणि लोकांच्या घरातले संच निकामी झाले. १९४८ मध्ये त्यांनी आरसीए कंपनीवर दावा लावला. वर्षे गेली, पैसा आटला, झोप आणि घरातली शांतता गेली. अशा माणसाचे खचणे भोवतालच्यांना बहुधा हट्टच वाटते. नैराश्यावरची आजची औषधे यायला अजून काही वर्षे होती. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या भांडणानंतर पत्नी मॅरियन घर सोडून गेल्या. १९५४ च्या जानेवारीअखेर, वयाच्या ६३ व्या वर्षी, आर्मस्ट्राँग यांनी आपले आयुष्य संपवले.

खटले मॅरियन यांनी चालू ठेवले. शेवटचा १९६७ मध्ये जिंकला. अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. २००१ च्या सप्टेंबरमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळले आणि त्यावरच्या प्रक्षेपण तारा गेल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही दूरचित्रवाणी केंद्रांनी तात्पुरता याच मनोऱ्याचा आधार घेतला.