बाजू घ्यावी, पण वैर धरू नये : खानदेशातील साने गुरुजी

निवडणुका जवळ आल्या की आपल्या धर्मग्रामांतही वारे बदलते. एरवी एकाच बाकावर बसणारी दोन कुटुंबे चर्चमध्ये दोन टोकांना बसू लागतात. मिस्सामध्ये एकमेकांना शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली की नजर चुकविली जाते. ख्रिस्ती माणसाने राजकारणापासून दूरच राहावे, असा सल्ला मग काही जण देतात. तो सोपा असला तरी ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. सार्वजनिक जीवनात भाग घेणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आहे, असेच ती सांगते. मग आपली बाजू ठामपणे निवडावी कशी आणि समोरच्या बाजूविषयी मनात पेटणारा राग सांभाळावा कसा?

या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेला एक माणूस आपल्याच नाशिक धर्मप्रांताच्या भूमीत, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत घडला. तो ख्रिस्ती नव्हता. तरीही प्रेमाला धर्माचे सार मानणारी त्याची प्रार्थना आपल्या अनेक शाळांमध्ये आजही गायिली जाते. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, हे त्याचे नाव.

शिक्षक ते सत्याग्रही

गुरुजींचा जन्म नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबर १८९९ रोजी, कोकणातील पालगड या गावी झाला. गरिबीत शिक्षण पूर्ण करून ते खानदेशात अमळनेरला आले. तेथील तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यास केल्यावर १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली आणि तेथील मुलांचे ते आईच बनले.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. मुलांना देशप्रेमाचे धडे देऊन आपण मात्र वर्गात सुरक्षित राहावे, हे गुरुजींना पटेना. त्यांनी नोकरी सोडली आणि तुरुंग पत्करला. येथे त्यांची राजकीय ओळख ठरली. ती त्यांना घराण्याकडून अथवा जातीकडून वारशाने मिळालेली नव्हती. ती त्यांनी विवेकबुद्धीने निवडली आणि तिची किंमतही स्वतः मोजली.

१९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तेथेच होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी बंदिवानांसमोर गीतेवर प्रवचने दिली. एकूण अठरा प्रवचने झाली आणि ती सारी गुरुजींनी आपल्या हाताने उतरवून घेतली. इंग्रज सरकारने ज्या भिंतींआड कोंडले, त्याच भिंतींआड बसून हा माणूस द्वेषाची उजळणी करीत नव्हता. दुसऱ्याचे शब्द मन लावून ऐकत आणि लिहीत होता. पुढल्या वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आईच्या आठवणींचे ते पुस्तक लिहिले, जे मराठी घराघरांत पोहोचले.

आपल्याच पक्षाला प्रश्न

डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन. त्यासाठी गुरुजी खानदेशच्या गावोगावी फिरले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. एखाद्याला वाटले असते, आता आपले राज्य आले, आता गप्प बसावे. परंतु १९३८ मध्ये पूर्व खानदेशात ओला दुष्काळ पडला. पिके बुडाली आणि शेतसारा तर भरायचाच होता. गुरुजींनी शेतकऱ्यांना संघटित केले आणि कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले. सरकार स्वतःच्या पक्षाचे असूनही ते शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक चालवीत असतानाच त्यांनी हे केले.

अमळनेर आणि धुळे येथील गिरणी कामगारांच्या संघटनेतही त्यांचा सहभाग होता. ही गोष्ट वरवर दिसते तितकी सोपी नव्हती. ज्या तत्त्वज्ञान मंदिराने तरुण गुरुजींना आश्रय दिला, ते अमळनेरच्या प्रताप शेठ यांच्या दातृत्वातून उभे राहिले होते आणि तेथील गिरणीही त्यांचीच होती. उपकाराची जाण ठेवून न्याय मागणे हे मालकाला शिव्या देण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

कामगारांच्या लढ्यात कम्युनिस्ट कार्यकर्ते त्यांचे सोबती होते. पुढे महायुद्धाच्या काळात त्या पक्षाने युद्धाला पाठिंबा दिला आणि गुरुजी १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत भूमिगत झाले. वाटा वेगळ्या झाल्या. राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी विचार हे गुरुजींचे घर बनले. ज्यांच्याबरोबर काल भाकरी खाल्ली, ते आज समोरच्या बाजूला उभे दिसावेत, यासारखे दुःख राजकारणात दुसरे नाही. परक्या माणसापेक्षा दुरावलेल्या मित्राचा राग अधिक जाळतो.

पंढरपूर आणि त्यानंतर

त्यांची खरी कसोटी पंढरपुरात लागली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना विठ्ठलाच्या मंदिराचे दार बंद होते. त्यासाठी गुरुजींनी सेनापती बापट आणि सेवा दलाच्या तरुणांसह आधी महाराष्ट्रभर दौरा केला. लोकांची मने वळवायची, मगच दार ठोठवायचे, हा त्यातला क्रम होता. तरीही दार उघडेना, तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केले. गांधीजींनीही अपुऱ्या माहितीवरून ते सोडण्याचा सल्ला दिला. ज्यांना गुरू मानले त्यांचाही सल्ला गुरुजींनी नम्रपणे बाजूला ठेवला. अखेर मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले. विरोधकांना हरविले, असा आनंद त्यांना नको होता. तेही त्याच विठ्ठलाचे भक्त होते.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला होता. संतापलेल्या जमावांनी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली. एका बाजूने हत्या, दुसऱ्या बाजूने सूड. गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. अपराध दुसऱ्याचा, पण प्रायश्चित्त त्यांनी स्वतः घेतले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुढे भारतातील भाषा व प्रांत एकमेकांना ओळखतील, अशी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली.

राग कोठे न्यावा?

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. गुरुजींनी विरोधकांवर राग काढला नाही, हे खरे. परंतु त्यांच्या जीवनाकडे पाहताना वाटते की, तो राग आणि ते दुःख ते वारंवार स्वतःच्याच देहावर घेत राहिले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांच्या अंतःकरणात काय चालले होते, ते परमेश्वरच जाणतो. अशा मृत्यूला ख्रिस्तसभा मान्यता देत नाही. परंतु अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असेही ती शिकविते. आपणही त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. आपल्यापैकी कोणी अशाच भाराखाली असेल, तर त्याने तो एकट्याने वाहू नये. घरच्यांशी, धर्मगुरूंशी, डॉक्टरांशी बोलावे. त्यात श्रद्धेचा कमीपणा नाही.

राग शत्रूवर फेकला की हिंसा होते आणि स्वतःच्या आत कोंडला की तो आपल्यालाच पोखरतो. आपल्या श्रद्धेत तिसरी वाट आहे, आणि ती म्हणजे क्रूस. प्रभू येशूने मंदिरातील व्यापार उधळून लावला, म्हणजे अन्यायाचा संताप त्यालाही आला. पण क्रूसावर त्याने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली आणि स्वतःची वेदना पित्याच्या हाती सोपविली. संत पौलही इफिसकरांना सांगतो की राग आला तरी पाप करू नये आणि सूर्य मावळण्याआधी तो सोडून द्यावा.

प्रभूने निवडलेल्या बारा जणांत मत्तय हा जकातदार होता आणि शिमोन हा जिलोत म्हणून ओळखला जाई. एक परकीय सत्तेच्या व्यवस्थेत कर गोळा करणारा, तर दुसऱ्याच्या नावालाच कडव्या स्वदेशाभिमानाची ओळख चिकटलेली. प्रभूने दोघांनाही एकाच मेजावर बसविले. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या आपल्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रात राजकारण हेही प्रेमाचे एक रूप होऊ शकते, असे शिकविले, ते याच मेजाच्या आधाराने आपल्याला समजू शकेल.

म्हणून मतदानाला जाताना आपली बाजू जरूर घ्यावी. ती जातीने अथवा पैशाने ठरू देऊ नये, दुर्बलांचे हित पाहून ठरवावी. आपल्या बाजूचे चुकले तर गुरुजींप्रमाणे त्यांनाही प्रश्न विचारावा. रात्री झोपण्याआधी, ज्या शेजाऱ्याचा झेंडा आपल्याला सहन होत नाही, त्याचे नाव घेऊन एकदा ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणावे. येत्या रविवारी शांतीचे चिन्ह देताना त्याच्याकडे वळावे आणि नजर चुकवू नये.