डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा परदेशवास

दिव्याच्या फलाटावरून निघालेली गाडी कोपर, डोंबिवली व ठाकुर्ली मागे टाकून अल्पावकाशात कल्याणास पोहोचते. मुंबईहून ठाण्यापर्यंत 1853 साली आलेला हा लोहमार्ग 1854 साली कल्याणापर्यंत वाढविण्यात आला. त्यानंतर अकरा वर्षांनी, म्हणजे 1865 च्या मार्च महिन्यात, कल्याणच्या जोशी घराण्यात एक कन्या जन्मास आली. तिचे माहेरचे नाव यमुना. हीच मुलगी पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी या नावाने सर्वत्र ओळखली जाऊ लागली. त्यांनी अमेरिकेत जाऊन वैद्यकीची पदवी मिळविली हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. परंतु त्या पदवीपायी परक्या शहरात त्यांनी कसे दिवस काढले, तेथे त्यांस काय काय उणे पडले, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही त्याच भागाशी अधिक वेळ थांबणार आहोत.

वयाच्या नवव्या वर्षी, 1874 साली, यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते, बिजवर होते आणि वधूहून सुमारे वीस वर्षांनी वडील होते. बायकोस शिकविण्याची मोकळीक असावी, अशी अट घालून त्यांनी हे लग्न केले होते. हा गृहस्थ मोठा विलक्षण! त्या काळी इतर नवरे बायकोने चूल सोडून पुस्तक धरले म्हणून संतापत. हे पुस्तक सोडून चुलीपाशी गेली म्हणून संतापत, आणि प्रसंगी हातही उगारीत. गोपाळरावांच्या आग्रहावाचून आनंदीबाई घडल्या नसत्या हे खरे. तथापि त्या आग्रहातील कठोरपणा झाकून ठेवावा असे आम्हांस वाटत नाही.

नोकरीतील बदल्यांमुळे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा त्यांचा संसार फिरत राहिला. आनंदीबाईंस चौदाव्या वर्षी पुत्र झाला. तो अवघे दहा दिवस जगला. पुरुष डॉक्टरापुढे दुखणे उघड करण्यास लाजणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरच हवी, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की रुजली.

आता आमच्यासारख्या मिशन शाळेच्या अंकात जी गोष्ट गाळून पुढे जाणे उचित होणार नाही, ती सांगतो. पत्नीस अमेरिकेत शिकविण्यासाठी साह्य मिळावे म्हणून गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. हे गृहस्थ पूर्वी कोल्हापुरास होते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा उपदेश केला आणि ते पत्र व आपले उत्तर आपल्या मासिकात छापले. हे प्रकरण तेथेच संपावयाचे. पण न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता त्यांच्या हाती ते मासिक आले. एका अनोळखी हिंदू मुलीची शिक्षणाची तळमळ वाचून त्यांचे मन द्रवले व त्यांनी पत्र धाडले. धर्माची अट त्यांनी घातली नाही. आनंदीबाई त्यांस मावशी मानू लागल्या. मासिकाचा संपादकही ख्रिस्ती, ही मावशीही ख्रिस्ती. दोघांत केवढे अंतर!

गोपाळरावांनी रजा मागितली ती मिळाली नाही, म्हणून आनंदीबाईंनी एकटीनेच जावे असे ठरले. जाण्यापूर्वी 1883 च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. मराठी भाषेचे व्याकरण छापणाऱ्या विल्यम केरी यांचे हेच ते कॉलेज. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहू, हे त्या सतरा वर्षांच्या मुलीने त्या सभेत निक्षून सांगितले. 7 एप्रिल रोजी कलकत्त्याहून जहाज निघाले. सोबतीस मिशनरी स्त्रिया होत्या, पण तो सहवास त्यांस सुखाचा झाला नाही. जवळजवळ दोन महिन्यांनी, 4 जून रोजी, त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. घ्यावयास मावशी आल्या होत्या.

उन्हाळा रोझेल येथे कार्पेंटरांच्या घरी गेला. ते दिवस आनंदाचे होते. तेथे आनंदीबाईंनी स्वहस्ते आपल्याकडचा स्वयंपाक करून पाहुण्यांस जेवू घातले व घरच्या मंडळींस लुगडी नेसविली. ज्या चुलीपासून नवऱ्याने त्यांस ओढून काढले होते, तीच आता त्यांस देशाची आठवण देणारी झाली.

शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियास गेल्या. विल्यम पेन याने 1682 साली वसविलेल्या या शहराच्या नावाचा अर्थ बंधुप्रेम असा आहे. 1880 च्या शिरगणतीत तेथील वस्ती साडेआठ लाखांच्या घरात होती. कल्याणच्या गल्ल्या जशा वाड्यांना वळसे घालीत जातात तशी तेथील रचना नाही. रस्ते आखून काढल्यासारखे सरळ, एकमेकांस काटकोनात छेदणारे, आणि कित्येकांस नावाऐवजी आकडा. स्त्रियांस वैद्यक शिकविणारे तेथील कॉलेज 1850 साली स्थापन झाले होते. त्याच्या प्रमुख डॉक्टर रेचेल बॉडली यांनी आनंदीबाईंस प्रवेश दिला, आणि तीन वर्षांकरिता 600 डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली.

विद्येची सोय झाली, देहाची झाली नाही. राहावयास मिळालेल्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे; पेटली तर खोलीभर धूर होई. तेव्हा धुरात बसावे की थंडीत कुडकुडावे, एवढीच निवड हाती उरे. ज्यांनी कोकणचा हिवाळा तेवढा पाहिला आहे त्यांस फिलाडेल्फियाच्या बर्फाची कल्पना येणे कठीण. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून पाय झाकणाऱ्या गुजराती तऱ्हेने नेसण्यास त्यांनी आरंभ केला. मात्र कुंकू सोडले नाही. आहार शाकाहारीच ठेवला. वरणभाताची चव परक्या मुलखात कोठून यावी? अभ्यास, त्यातच स्वतःचा स्वयंपाक, आणि अंगात आधीच नाजूक प्रकृती. मध्यंतरी घटसर्पानेही त्यांस गाठले.

घरच्या पत्राची वाट पाहावी तर ते समुद्रमार्गाने कित्येक आठवड्यांनी येई, आणि आल्यावर त्यातून नेहमी मायेचाच शब्द निघे असेही नाही. लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलली यावरून गोपाळरावांनी बोल लावले. दूर देशी थंडीने काकडणाऱ्या बायकोस असे लिहिणे आम्हांस निष्ठुर वाटते. आनंदीबाईंनी मात्र शांतपणे आपली बाजू मांडली. पुढे 1885 साली गोपाळराव स्वतः अमेरिकेत आले.

त्या कॉलेजात परदेशच्या आणखीही विद्यार्थिनी होत्या. 1885 च्या ऑक्टोबरात काढलेले एक छायाचित्र आजही पाहावयास मिळते: त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. प्राचीन आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला व 11 मार्च 1886 रोजी त्यांस एम. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाची जागाही आनंदीबाईंस देऊ करण्यात आली.

पण क्षयाने शरीर पोखरले होते. 1886 च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या त्या रुग्णाईत होऊनच. जात टाकील ही भीती खोटी ठरली. लोकांनी कौतुकच केले. तीन वर्षे ज्या घरच्या अन्नाची व घरच्या माणसांची उणीव भासली होती ती सारी आता भोवती होती, परंतु त्यांचा उपभोग घेण्याचे बळ राहिले नव्हते. कोल्हापूरची जागा रिकामीच राहिली. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुणे येथे त्या वारल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हावयास महिना उरला होता.

त्यांच्या अस्थी मावशींकडे अमेरिकेस पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या पुरलेल्या आहेत. वर त्यांच्या नावाची शिळा आहे.